हिरवा रंग आणि परंतुक : मुंबईच्या मोकळ्या जागा मोजण्याआधी

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली आणि ती आठ महिने कुणाच्याच लक्षात आली नाही. माझ्या तर नाहीच नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये उघडले, त्यातले हिरव्या रंगाचे सगळे तुकडे डिजिटाइज केले, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढलं, वॉर्डप्रमाणे बेरीज केली आणि २०११ च्या जनगणनेच्या लोकसंख्येने भागलं. तक्ता इतका देखणा झाला होता की मी तो फोनच्या वॉलपेपरला लावायचाच बाकी ठेवला होता.

मग विभागातल्या एका सादरीकरणात मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, "यातल्या किती बागांमध्ये तू जाऊन बसली आहेस?"

पुढच्या रविवारी मी यादीतली सात ठिकाणं निवडली आणि गेले. दोन ठिकाणी खरोखर बाग होती. एका ठिकाणी फाटकाला कुलूप. एका ठिकाणी दाट वस्ती, आणि तिथल्या लोकांना आपण एका "उद्यानात" राहतो याची कल्पनाही नव्हती. एक जागा गाड्यांच्या दुरुस्तीची. एक तर मला सापडलीच नाही, दोन इमारतींच्या मधे कुठेतरी असावी. सातवी एका सोसायटीच्या आत होती, वॉचमनने आत सोडलं नाही. त्याचं बरोबरच होतं म्हणा, ती जागा माझ्यासाठी नव्हतीच.

हा लेख त्या चुकीबद्दल आहे, पण खरं तर तो एका पुस्तकाबद्दल आहे. मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, म्हणजे डीसीपीआर. आपण विज्ञान शाखेतून आलेले लोक अशा पुस्तकाला "पार्श्वभूमी" समजतो. सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद, संदर्भात एक ओळ, की झालं. माझं म्हणणं असं आहे की शहरातल्या मोकळ्या जागेवर संशोधन करायचं असेल तर हीच तुमची मूळ सामग्री आहे. उपग्रहाची प्रतिमा नंतर. आणि ही नियमावली आपण वाचतो तशी सरळ वाचून चालत नाही, कारण तिचा मुख्य मजकूर जे देतो ते तिची परंतुकं काढून घेतात.

आधी नकाशापासून सुरू करू. २०३४ च्या आराखड्यात मोकळ्या जागांना सांकेतिक अक्षरं आहेत. ईओएस म्हणजे अस्तित्वात असलेली मोकळी जागा, आरओएस म्हणजे आरक्षित, अजून व्हायची आहे ती. १.४ म्हणजे खेळाचं मैदान, १.५ म्हणजे बाग. म्हणजे ईओएस १.५ ही आज असलेली बाग आणि आरओएस १.५ हा एक शासकीय इरादा. मी दोन्हींची बेरीज केली होती. रसायनशास्त्रात कुणी बाटलीतलं द्रावण आणि पुढच्या वर्षीच्या खरेदीच्या यादीतलं द्रावण एकत्र मोजलं तर आपण हसू. इथे मात्र प्रकाशित लेखांतही ही बेरीज सर्रास दिसते. विद्यार्थ्यांनो, तुमच्या हातात एखादा शोधनिबंध आला आणि त्यात "आराखड्यानुसार मोकळी जागा" असा शब्दप्रयोग दिसला, तर पहिला प्रश्न हाच विचारा : असलेली की ठरवलेली?

इराद्याला मुदतही असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही मुदत पूर्वी कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती २४ महिने झाली. "पावलं" म्हणजे नेमकं काय, यावर गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारकाईने लिहिलंय. नुसतं पत्र पाठवलं, प्रस्ताव केला, एवढ्याने भागत नाही असं त्याचं सार.

आता विचार करा. नकाशावर रंग तोच राहतो, पण त्या रंगाखालचा कायदेशीर आधार कधीच गेलेला असू शकतो. प्रत्येक आरओएस तुकड्याला एक अदृश्य घड्याळ बांधलेलं आहे. माझ्या माहितीतल्या किती अभ्यासांनी वयाप्रमाणे आरक्षणं वेगळी केली? हाताच्या बोटांवर. आणि मालकाला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. वीस वर्षं तुमच्या जमिनीवर काही बांधू देत नाहीत आणि पैसेही देत नाहीत, अशी अवस्था असेल तर तुम्हीही नोटीस द्याल. कलम १२७ हे त्या माणसासाठी न्याय्य आहे. बागेसाठी ते मारक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि प्रबंधात तसं लिहिता येतं. लिहायला मात्र धीर लागतो.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे येऊ : दरडोई मोकळी जागा.

केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत (१९९६ ची, मग २०१४ ची) माणशी १० ते १२ चौरस मीटर असं प्रमाण दिलंय. मुंबईच्या नव्या आराखड्याच्या पूर्वतयारीत प्रत्यक्ष आकडा निघाला सुमारे १.२४ चौरस मीटर. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मसुद्यात तर उद्दिष्टच माणशी २ चौरस मीटर धरलं होतं. त्यावर टीकेचा भडिमार झाला, मसुद्यात इतरही चुका ढिगाने होत्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो दुरुस्तीसाठी मागे पाठवला. नवा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

या सगळ्यात मला त्रास देणारी गोष्ट वेगळी आहे. बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११ ला सुमारे १ कोटी २४ लाख. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे १० कोटी ४० लाख चौरस मीटर. भागाकार करा : माणशी साधारण ८.४. त्यात १.२४ मिळवा. ९.६ झाले! एक पेन हातात घेऊन आपण मुंबईला जवळजवळ राष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेलं, आणि एक झाडही लावलं नाही. (उद्यानाचा निम्म्याहून अधिक भाग ठाण्याच्या बाजूला आहे, ही बारीक गोष्ट अशा भागाकारात सहज गळून जाते.) तुम्ही म्हणाल, असं कोण करतं? असं उघड कुणी करत नाही. पण खारफुटी, खाजगी क्लब, गोल्फची मैदानं, सोसायट्यांच्या आतल्या जागा यातलं काय धरायचं आणि काय नाही, हे प्रत्येक अहवाल आपापलं ठरवतो आणि ती व्याख्या तळटीपेत टाकतो. म्हणून दोन अहवालांतल्या दोन आकड्यांची तुलना करून "वाढ झाली" किंवा "घट झाली" असं लिहू नका. बऱ्याचदा बदललेली असते ती व्याख्या.

दरडोई आकड्यावरचा माझा दुसरा आक्षेप असा की तो सरासरी आहे, आणि बाग सरासरीने वापरता येत नाही. मानखुर्दच्या पोराला मलबार हिलच्या हँगिंग गार्डनचा वाटा मिळत नाही. हे सगळ्यांना कळतं, तरी आपण शहराची सरासरी लिहितो, कारण तो आकडा लक्षात राहतो आणि बातमीत बसतो.

आता मूळ पुस्तकाकडे. सोसायटीच्या, म्हणजे अभिन्यासातल्या मोकळ्या जागेचा नियम बघा. बोलीभाषेत आर्किटेक्ट लोक याला "आरजी" म्हणतात. १९९१ च्या नियमावलीत हा नियम २३ वा होता, आता २७ वा आहे. प्रमाण तसंच : १,००१ ते २,५०० चौरस मीटरच्या भूखंडात १५ टक्के, २,५०१ ते १०,००० पर्यंत २० टक्के, त्यावर २५ टक्के. वाचायला छान वाटतं.

१९९१ च्या नियमावलीच्या काळात बिल्डरांनी एक युक्ती काढली. खाली गाड्यांसाठी पोडियम, म्हणजे उंच चबुतरा बांधायचा आणि त्याच्या छपरावर हिरवळ पसरून तीच आरजी म्हणून दाखवायची. कोहिनूर सीटीएनएल विरुद्ध महापालिका या प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाही, किमान प्रमाणातली मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर काही करायचं असेल तर ते त्याव्यतिरिक्त. निकाल वाचण्यासारखा आहे. कायद्याची भाषा अवघड वाटत असेल तर सुरुवात करायला चांगला, कारण प्रश्न अगदी साधा आहे : मूल खेळणार कुठे, आणि झाडाचं मूळ जाणार कुठे?

मग आली २०३४ ची नियमावली. प्रमाणं जशीच्या तशी. पण पुढे लिहिलंय की लागणाऱ्या जागेपैकी किमान ६० टक्के जमिनीवर हवी, त्यातली निदान निम्मी "मदर अर्थ", म्हणजे पाणी मुरेल अशी खरी माती हवी, आणि उरलेली ४० टक्के पोडियमवर चालेल.

हे वाक्य मी तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा पुढे गेले होते. चौथ्यांदा वहीत गणित केलं. समजा ४,००० चौरस मीटरचा भूखंड. २० टक्के म्हणजे ८०० चौरस मीटर. त्यातली ६० टक्के जमिनीवर : ४८०. त्याची निम्मी माती : २४०. म्हणजे नियम तोंडाने म्हणतो २० टक्के, आणि मातीपाशी येईपर्यंत भूखंडाच्या ६ टक्के उरतात. उरलेल्या २४० वर खाली तळघर असू शकतं आणि वर फरशी. न्यायालयाने जुन्या नियमाचा अर्थ लावला होता, सरकारने नवा नियम लिहिला. यात बेकायदेशीर काही नाही. पण तक्त्यात "२० टक्के" हा आकडा अबाधित आहे आणि तोच सगळीकडे उद्धृत होतो. टीका करायची असेल तर इथे करावी असं मला वाटतं. टक्केवारी कमी केली असती तर आरडाओरडा झाला असता. टक्केवारी ठेवून तिचा अर्थ बदलला, तर कुणाला कळत नाही.

तुमच्यातल्या रिमोट सेन्सिंगवाल्यांसाठी : सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. ती २४० चौरस मीटर माती म्हणजे अडीच पिक्सेल. त्यातही ती भूखंडाच्या कडेने पट्ट्यासारखी असेल, तर एकही पिक्सेल शुद्ध मिळणार नाही. उलट पोडियमवरच्या हिरवळीला रोज पाणी असतं, तिचा एनडीव्हीआय झकास येईल. आणि मे महिन्यातलं शिवाजी पार्क? १९२५ पासून लोकांसाठी खुलं असलेलं, साधारण २८ एकरांचं मैदान. उन्हाळ्यात तिथे बहुतेक लाल माती असते. तुमच्या वर्गीकरणात ते "ओसाड जमीन" म्हणून पडेल. म्हणजे साधन कबूल करतं ती हिरवळ आणि नाकारतं ते मैदान. एनडीव्हीआय चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो पानांतला हरितद्रव्याचा खेळ मोजतो आणि तेवढं चांगलं मोजतो. त्याला "मोकळी जागा" आपण म्हणतो, ती चूक आपली.

शिवाय हे विसरू नका की आरजी ही सार्वजनिक जागाच नव्हे. ती त्या अभिन्यासातल्या रहिवाशांची. माझ्या यादीतली सातवी जागा आठवा, वॉचमनवाली.

इथून मी ज्या भागाकडे वळते तो लिहायला मला सगळ्यात अवघड गेला. झोपडपट्टी पुनर्वसन.

दोन वेगळे नियम आहेत, लोक त्यांची गल्लत करतात. पहिला पुनर्वसन योजनेच्या आतल्या मोकळ्या जागेचा. नियम ३३(१०) मध्ये योजना परवडावी म्हणून मनोरंजनाची जागा कमी करायला मुभा आहे, मात्र जमिनीवर किमान ८ टक्के ठेवायलाच हवी. आधीचाच ४,००० चौरस मीटरचा भूखंड घ्या : ३२० चौरस मीटर. आता त्याच योजनेत हेक्टरी किमान ६५० सदनिकांची घनता अपेक्षित असते. आपल्या भूखंडावर त्या २६० होतात. घरटी पाच माणसं धरली तर १,३०० लोक. माणशी पाव चौरस मीटर. वर्तमानपत्राच्या एका पानापेक्षा थोडी जास्त. शेजारच्या टॉवरला २० टक्क्यांचा नियम आणि या इमारतींना ८. ज्यांचं घर लहान त्यांना अंगणही लहान, हे शहराच्या सवयीने घडलं असतं तर वेगळं, पण ते छापील नियमात आहे. आणि तरीही एक गंमत बघा : ही ८ टक्के जागा निदान जमिनीवर असायला हवी असं वाक्य तिथे आहे.

दुसरा नियम आरक्षित मोकळ्या जागांवर उभ्या असलेल्या झोपडपट्ट्यांचा. ५०० चौरस मीटरहून मोठ्या अशा भूखंडावर पुनर्वसन करता येतं, निदान ३५ टक्के जागा मोकळी ठेवून. म्हणजे ६५ टक्के आरक्षण इमारतीखाली जातं. या धोरणाच्या मूळ रूपाविरुद्धची याचिका २००२ पासून मुंबई उच्च न्यायालयात होती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तरतूद वैध ठरवली, आणि उरणारी ३५ टक्के जागा खरोखर लोकांना खुली राहावी यासाठी निर्देशही दिले. तेवीस वर्षं! माझ्या बॅचमधल्या काहींचं सगळं शिक्षण तेवढ्या काळात झालं.

पर्यावरणाच्या बाजूने लिहिणारे आपण लोक इथे एक सोपी कथा सांगतो : बाग होती, अतिक्रमण झालं, बाग गेली. पण बहुतेक ठिकाणी बाग कधी नव्हतीच. नकाशावर रंग होता, जमिनीवर माणसं होती, आणि पुष्कळदा माणसं रंगाच्या आधीपासून होती. मी ज्या वस्तीत गेले होते तिथल्या एका मावशींना मी नकाशा दाखवला. त्यांनी बोटाने आपलं घर शोधलं आणि विचारलं, "मग बाग कुठं करणार होते, आमच्या मोरीत का?" मी काय उत्तर देणार? ३५ टक्क्यांचा नियम मला आवडत नाही. पण "१०० टक्के बाग" हा त्याचा पर्याय कागदावरच होता. खरी तुलना ३५ टक्के मिळालेली बाग आणि शून्य टक्के मिळालेली बाग यांच्यात आहे, आणि ती ३५ टक्के जागा नंतर कुणाच्या ताब्यात राहते, तिला फाटक बसतं का, कुठल्या बाजूला, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. त्यावर काम फार कमी झालंय. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, मी आनंदाने माझी टिपणं देईन.

एका शब्दाने किती बागा जातात हे पाहायचं असेल तर गिरण्यांच्या जमिनींचा नियम ५८ वाचा. १९९१ मध्ये ठरलं की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास झाला तर साधारण तीन वाटे : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. (मोकळ्या जागेचा वाटा सगळ्या आकारांच्या गिरण्यांसाठी ३३ टक्के, बाकी दोन वाटे क्षेत्रानुसार बदलणारे.) चार्ल्स कोरिया समितीने १९९६ मध्ये या सगळ्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला होता. मग २००१ मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त "मोकळ्या जमिनी"ची करायची असं झालं. जिथे गिरणीची शेड उभी होती ती जमीन, शेड पाडल्यावरसुद्धा, वाटणीत येणार नाही. गिरणी कधी बघितलीय? जवळजवळ सगळी जमीन शेडखालीच असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. आज लोअर परळला लोकलमधून उतरून पुलावर गर्दीत अडकलात तर आजूबाजूचे मॉल आणि टॉवर बघताना हा नियम आठवा. तिथे बाग का नाही याचं उत्तर मातीत नाही, व्याख्येत आहे.

टीडीआरबद्दल थोडक्यात, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मालकाने बागेसाठी जमीन दिली तर त्याला पैशांऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो, आणि १९९१ च्या पद्धतीत तो हक्क मूळ जागेच्या उत्तरेला उपनगरात वापरला जायचा. म्हणजे एका वॉर्डात बाग वाढली की दुसऱ्या वॉर्डात माणसं वाढली, आणि तिथली दरडोई जागा घटली. बागेचा खर्च तिच्यापासून पंधरा किलोमीटरवरचे लोक भरतात. वॉर्डनिहाय तक्ता करताना मी हे नातं पूर्णपणे विसरले होते. प्रत्येक वॉर्ड म्हणजे जणू स्वतंत्र परीक्षानळी.

मुंबईबाहेरच्यांनी "आमच्याकडे असं नाही" म्हणू नये. मुंबई आणि आणखी काही ठिकाणं वगळता राज्यभर २०२० पासून एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. तिथे अभिन्यासातली मोकळी जागा १० टक्के, आणि तीही ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीला. ३,९०० चौरस मीटरचे भूखंड तुमच्या शहरात किती आहेत, ते मंजुरीच्या नोंदींतून काढून बघा. मला या मर्यादेच्या जरा खाली गर्दी दिसेल असा संशय आहे. संशय आहे, निष्कर्ष नाही. तपासायला सोपा, एका एम.एस्सी. प्रकल्पाएवढा.

कुणी विचारेल, मग नियमांवर विश्वास ठेवायचाच नाही का? तसं नाही. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, १९९१. राजमहल विलास वसाहतीत आराखड्यात बाग म्हणून राखलेली जागा राज्य सरकारने खाजगी रुग्णालयासाठी दिली. तिथले रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बाग म्हणून ठेवलेली जागा अशी देता येणार नाही, आणि शेजारच्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे. रुग्णालय ही वाईट गोष्ट थोडीच होती? पण नियमात "बाग" हा शब्द स्पष्ट होता, परंतुक नव्हतं, आणि तेवढ्यावर ती जागा वाचली. नियमाची ताकद आणि त्याची पळवाट एकाच पानावर असते, म्हणून मी तुम्हाला ते पान पूर्ण वाचायला सांगतेय.

माझ्या तक्त्याचं पुढे काय झालं ते सांगते. तो टाकला नाही. त्यात चार रकाने वाढवले : ईओएस की आरओएस, आरक्षण कोणत्या वर्षापासून, मालकी कुणाची, फाटक उघडं असतं का आणि किती वाजता. चौथा रकाना भरायला पायीच फिरावं लागतं, त्याला कुठलाही उपग्रह चालत नाही. मार्गदर्शकांनी पहिल्यांदा विचारलं की याला "पद्धती" म्हणायचं का. म्हटलं, आरक्षण कधीचं हे कळायला नगररचना खात्याचं रजिस्टर लागतं, मग फाटक कधीचं हे कळायला वॉचमन का नको? त्या हसल्या. प्रकरण तीन मंजूर आहे, दुरुस्त्यांसह.

एम-पूर्व वॉर्डातल्या अकरा जागा अजून बघायच्या राहिल्यात. या शनिवारी सकाळी साडेसहाला गोवंडी स्टेशनच्या पूर्वेला असेन. येणार असाल तर टोपी आणि पाणी आणा, आणि नकाशाची प्रिंट आणा. फोनच्या स्क्रीनवर उन्हात हिरवा रंग दिसत नाही.